हैदराबादची पाटी

1/ हसनाबाद 1948 पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीचे नाव सॉफ्टवेअरच्या इतिहासातही नोंदले गेले आहे.

2/ ‘कानबान’ म्हणजे जपानी भाषेत पाटी. टोयोटात ताइची ओनो यांनी तिला नियम जोडला: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने घडवू नये.

3/ 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टचे काम करणाऱ्या हैदराबादच्या चमूने हाती घ्यायच्या कामांना मर्यादा घातली. सुमारे पाच महिन्यांचा विलंब काही आठवड्यांवर आला. डेव्हिड अँडरसन यांच्या कानबान-मांडणीची सुरुवात तेथूनच झाली.

4/ आज अनेक फलकांवर चिठ्ठ्या आहेत, मर्यादा मात्र नाही. ‘ॲजाइल’च्या नावाखाली रात्री जागवल्या जातात. ‘आधी हातचे संपू द्या’ असे सांगण्याचा अधिकार चमूला नसेल, तर ती पद्धत नव्हे, नुसती पाटीच.