फोटो गेला, पण पोचला का?

फोनवरचे फोटो लोकांना दाखवण्याची सोय देणारी इन्स्टाग्राम ही कंपनी फेसबुकनं एप्रिल २०१२ मध्ये विकत घ्यायचं ठरवलं. किंमत एक अब्ज डॉलर. ही बातमी वाचून मी ड्रॉवरमधला माझा जुना नोकिया ७६५० शोधून काढला आणि चार्जरला लावला. सुरू झाला नाही. हा फोन बाजारात आला त्याला त्या वर्षी दहा वर्षं होणार होती.

फोन आणि कॅमेरा यांची सोयरीक नोकियाच्याही आधीची. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या प्रसूतिगृहात फिलिप कान या उद्योजकानं डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल एकमेकांना जोडून आपल्या नवजात मुलीचा फोटो दोन हजारांवर लोकांना पाठवला. जपानमध्ये जे-फोन कंपनीनं नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा कॅमेरा-फोन आणला. त्याचा कॅमेरा जेमतेम एक लाख दहा हजार पिक्सेलचा. युरोपात मार्च २००२ मध्ये नॉर्वेच्या टेलेनॉरनं एमएमएस सुरू केलं आणि त्याच उन्हाळ्यात ७६५० दुकानांत आला. तीन लाख पिक्सेल, चार एमबी मेमरी!

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन नुकताच इंग्लंडमध्ये, रीडिंगला आलो होतो. दोन महिन्यांची बचत घालून फोन घेतला, कारण आई-बाबांना माझा संसार दाखवायचा होता. पहिला फोटो खोलीचा, दुसरा गॅसवरच्या खिचडीचा. पण पाठवणार कुठं? सांगलीच्या घरी फक्त लँडलाइन. ऑफिसातल्या मित्राला पाठवून पाहिला, तर त्याच्या साध्या फोनवर फोटोऐवजी वेबसाइटचा पत्ता आणि पासवर्ड आला. शेवटी फोटो ईमेलनं पुण्याला ताईकडे गेला. तिनं सायबर कॅफेत खिचडीची प्रिंट काढली आणि एसटीनं घरी नेली. बाबांच्या डायरीत ती अजून आहे. रंग उडालाय, पण आहे. फोनमधले बाकीचे फोटो मात्र कॉम्प्युटरवर उतरवायचे राहूनच गेले.

एमएमएसचं घोडं अडलं ते पाठवण्यात नव्हे, पोचण्यात. हा फोटो थेट समोरच्या फोनवर जात नाही. आधी तो मोबाईल कंपनीच्या केंद्रात थांबतो, समोरच्या फोनला सूचना जाते, मग तो फोन, तेव्हा जीपीआरएसवरून, फोटो उतरवून घेई. म्हणजे समोरचा फोनही तसाच हवा, त्याचं सेटिंग बरोबर हवं आणि दोन कंपन्यांचा आपसात करार हवा. एक कडी निसटली की खेळ खलास. जपानमध्ये फोन आणि सेवा एकाच कंपनीनं जुळवून दिल्या होत्या, म्हणून तिथं हे चाललं.

आम्ही इंजिनिअर मंडळी यातून काय शिकलो कोण जाणे, पण परदेशातले आपण सगळेच अजून पाठवणाऱ्याच्याच बाजूनं विचार करतो. सहलीचे दोनशे फोटो फेसबुकवर चढवायचे, आईला लिंक ईमेल करायची, झालं कर्तव्य! फोनवर ‘बघितलेस का गं?’ विचारलं की आई म्हणते, ‘हो, छान आहेत.’ गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं, एकही अल्बम उघडला गेला नव्हता. पासवर्ड हरवला होता आणि मला वाईट वाटेल म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

काही वाचक म्हणतील, आमचे आई-बाबा तर स्काइपवर रोज भेटायचे. उत्तमच! पण त्यांच्याशेजारी बसून कुणीतरी ते शिकवलं असणार. नुसता महागडा फोन पाठवून ते होत नाही.

म्हणून एक विनंती. यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा खरेदीतली एक संध्याकाळ कमी करा. त्यांच्या खुर्चीत बसा, त्यांचंच नेट वापरा आणि तुम्ही पाठवलेला फोटो उघडतो का ते स्वतः बघा. दोनशेतले वीस निवडून प्रिंट काढा, मागं तारीख आणि नावं लिहा. आणि ड्रॉवरमधला जुना फोन अजून सुरू होत असेल, तर त्यातले फोटो आजच उतरवून घ्या.

माझ्या यादीत पहिलं काम ठरलंय. बाबांच्या डायरीतली खिचडी स्कॅन करायची आहे, रंग पुरता उडायच्या आत.