चित्रांना आवाज हवा

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील मराठी घरांत आजीच्या पंचाहत्तरीला स्मार्टफोनवर तयार केलेला जुन्या छायाचित्रांचा स्लाइड शो हल्ली पाहावयास मिळतो. चित्रांचा क्रम फोनच लावतो, धूनही तोच जोडतो. सोय मोठी खरी. पण सांगणारे माणूस त्यात उरत नाही.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत आणि सोबत कथन चाले. पुढचे चित्र केव्हा आणायचे, हे कथा ठरवी. फोनवर ते ठरावीक सेकंद ठरवतात.

पहाडगंजात पहिले बिऱ्हाड कोणी थाटले, मागे उभा असलेला मुलगा कोण, हे आजीलाच ठाऊक असते. मग तिच्या आवाजाच्या जागी चित्रपटाची धून कशासाठी? फोनवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ते संपेपर्यंत चित्र थांबवावे. ती अडखळली, तरी तो भाग कापू नये. शंभरांपैकी पंधराच चित्रे घेतली तरी पुरेत. तिलाही न ओळखलेले चेहरे मात्र शेवटी अवश्य दाखवावेत. जमलेल्या नातलगांपैकी एखाद्याला त्यांची नावे आठवू शकतात.