मिझो करार : दोघांनीही मोजलेली किंमत

फुटीर चळवळी बळाने मोडाव्यात की वाटाघाटींनी मिटवाव्यात, हा वाद आपल्याकडे वारंवार निघतो. पण त्यात मिझोरामचे नाव क्वचितच येते. जेथील गोळीबार थांबतो, तेथील बातम्याही थांबतात, हेच त्याचे कारण असावे.

या बंडाचे मूळ उपासमारीत होते. १९५९ साली मिझो टेकड्यांत बांबूला फुलोरा आला, उंदीर बेसुमार वाढले आणि त्यांनी पिके फस्त केली. आसाम सरकारची मदत अपुरी पडली. दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगा यांचा मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला व फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस त्याने सशस्त्र उठाव केला. मार्चमध्ये हवाई दलाने ऐजॉलवर मारा केला. पुढे खेडीच्या खेडी उठवून लोकांना रस्त्यालगतच्या वसाहतींत नेण्यात आले. बंडखोरांची रसद त्यामुळे तुटली असेल. परंतु ज्याचे शेत सुटले, तो शेतकरी सरकारचा मित्र झाला नाही.

अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. केंद्रातर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे महाराष्ट्राच्या सनदी सेवेतील अधिकारी. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. फ्रंटने स्वातंत्र्याची मागणी व शस्त्रे सोडली. केंद्राने घटकराज्याचा दर्जा मान्य केला आणि मिझो रूढी व जमिनीची मालकी यांसंबंधीचे संसदेचे कायदे विधानसभेच्या संमतीवाचून लागू होणार नाहीत, अशी हमी राज्यघटनेतच घातली. मुख्यमंत्री लाल थनहवला यांनी तर लालडेंगांसाठी आपले पद सोडले.

याउलट १९७५ च्या शिलाँग कराराला नागा चळवळीच्या परदेशातील प्रमुख नेत्यांची मान्यता नव्हती. १९८० मध्ये नवी सशस्त्र संघटना निघाली. करार पाळून घेण्याची ताकद ज्याच्या हाती, त्याचीच सही उपयोगी पडते.

मिझो करार निर्दोष नव्हता. हमार अल्पसंख्याकांचे गाऱ्हाणे उरलेच. तरीही १९८९ ची निवडणूक हरल्यावर फ्रंट जंगलात परतला नाही, तो विरोधी बाकांवर बसला. शांततेची खरी कसोटी हीच होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एकच हिशेब दिसतो. १९५९ साली वेळेवर पोहोचलेले धान्य वीस वर्षांच्या लष्करी मोहिमेपेक्षा खचितच स्वस्त पडले असते.