बिनमोल डेटाबेस आणि पेढीचा हिशेब

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे व्यापारी संशयाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. हिशेबाची नवी प्रणाली बसवताना सॉफ्टवेअरवाला सांगतो, "डेटाबेस ओपन सोर्स आहे, परवान्याचा खर्च नाही." तेव्हा मनात येते, ज्याला किंमतच नाही त्याच्या हवाली खतावणी कशी करावी?

डेटाबेस म्हणजे पडद्याआडचे नोंदींचे कोठार. त्याचे पहिले कर्तव्य बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला चटकन उमजते. एका खात्यास पन्नास हजार नावे पडले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. पोस्टग्रेस्क्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो आणि मग मूळ जागी उतरतो. आधी रोजकीर्द, मग खतावणी, हीच आपली जुनी रीत! या कामात तो महागड्या ओरॅकलपेक्षा उणा नाही. त्याचा उगम 1986 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रकल्पात झाला. त्या प्रकल्पाचे प्रमुख मायकेल स्टोनब्रेकर यांना 2014 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मालकी बदलली तर काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस 2008 मध्ये सन कंपनीकडे आणि 2010 मध्ये सनबरोबरच ओरॅकलकडे गेला. परंतु त्याचा मूळ मजकूर खुला असल्याने त्याच्याच एका जनकाने 2009 मध्ये मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली. ग्राहकाला पर्याय उरला. बंद पेटीतल्या डेटाबेसला अशी मुभा नसते. फुकट आणि खुले यांतही अंतर आहे: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची 2022 ची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे, पण एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे.

मग पैसे कशाचे द्यायचे? जबाबदारीचे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएलच होता आणि त्याचा दोष नव्हता. पण बॅकअपच्या फायली जिथे असायला हव्या होत्या, तिथे काहीच नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या नोंदी मात्र गेल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी सहा तासांची बिले गेली, तर घाऊक व्यापाऱ्याचे काय होईल?

म्हणून परवान्याचे वाचलेले पैसे सगळे गल्ल्यात टाकू नयेत. त्यातला काही भाग देखभालीचा लेखी करार करणाऱ्या जाणकारास द्यावा. मोठी प्रणाली एखाद्या विशिष्ट व्यापारी डेटाबेसवरच चालत असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही, तोच घ्यावा. चार-पाच शाखांच्या पेढीला मात्र पोस्टग्रेस्क्यूएल पुरून उरतो. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे. ही सोय डेटाबेस महाग घेतल्याने आपोआप मिळत नाही, ती सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्यावी लागते. करारावर सही करण्यापूर्वी त्याला कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर आपल्यासमोर उतरवायला सांगावे आणि कालची शिल्लक जुळते का, ते आपण स्वतः पाहावे.