हक्कांची सनद आणि न्यायाचे दार

१९४८ सालच्या डिसेंबर महिन्यातील दोन लागोपाठचे दिवस शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १० डिसेंबरला पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधात एकही गेले नाही. त्याच्या पहिल्या कलमातील केवळ पुरुषवाचक ठरू शकणारा शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ असा अर्थ यावा, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी धरला व तो मान्य झाला. हे सर्व अभिमानास्पदच होय. परंतु ज्या जाहीरनाम्याला कोणी विरोध करीत नाही, त्याची धास्तीही सहसा कोणी बाळगीत नाही. तो पाळण्याचे कायदेशीर बंधन तेव्हा कोणावरही नव्हते.

याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, दिल्लीत घटना समितीपुढे एका कलमाची चर्चा झाली. हक्कावर घाला पडल्यास नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी, अशी तरतूद करणारे हे कलम आज बत्तिसावे म्हणून ओळखले जाते. डॉ. आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा व हृदय म्हटले. समतेच्या वा स्वातंत्र्याच्या कलमाला हा मान न देता त्यांनी तो दाद मागण्याच्या कलमाला दिला, यातच त्यांची दृष्टी दिसून येते. उदात्त शब्दांना जगात कधीच तोटा नव्हता. सोव्हिएत रशियाच्या १९३६ च्या घटनेत भाषण, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य नमूद होते. पुढच्याच वर्षी त्या देशात भीषण धरपकड व हत्याकांड झाले. तेथे हक्क होते. ते मागावयाचे दार मात्र नव्हते. लंकेतल्या सोन्याच्या विटांचा दुसऱ्याला काय उपयोग?

आपल्याकडे दार होते; तेही एकदा बंद झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क घटनेतून पुसला नाही. त्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा तेवढी स्थगित केली. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार लावून घेतले. बेकायदेशीरपणे कोणाचा जीव घेतला तरी दाद नाही काय, या प्रश्नालाही सरकारी वकिलांनी, नाही, असेच उत्तर दिले होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना भिन्न मत देऊन उभे राहिले. पुढे १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

ही चूक दुरुस्त झाली, पण कशी? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसाव्या व एकविसाव्या कलमांसाठी दाद मागण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही, असे ठरले. तो निर्णय स्पष्ट शब्दांत रद्दबातल होण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी तो निर्णय चुकीचा ठरविणाऱ्या निकालपत्राचे एक लेखक त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. पिढी उलटली तरी चूक पुसावीच लागते.

दार उघडे असणे मात्र पुरेसे नाही. तेथवर पोहोचण्याचे बळही हवे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकीकत वृत्तपत्रांत आली. आरोप सिद्ध होऊन जी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कित्येकजण खटल्यावाचून खितपत पडले होते. त्यांचे हक्क घटनेत अबाधितच होते. नव्हता तो वकील आणि नव्हते पैसे. त्या बातम्यांच्या आधारे एका महिला वकिलाने अर्ज केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सत्वर न्याय हा एकविसाव्या कलमाचाच भाग ठरविला.

यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. हक्कांच्या यादीत नवी भर पडली की सरकारे स्वतःची पाठ थोपटून घेतात. नागरिकाने मात्र वेगळेच प्रश्न विचारावेत: हक्क मोडला तर मी कोणाकडे जाऊ? तेथे पोहोचण्यास किती खर्च, किती वर्षे? या प्रश्नांची उत्तरे जी सनद देते, तीच हमी. बाकीची नुसती आश्वासने होत.