मिरचीची गाडी निघण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे



डिसेंबरात धानाची कापणी आणि मळणी आटोपली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी या पट्ट्यातल्या गावांतून तेलंगणाकडे गाड्या निघू लागतात. खरीप धान हेच इथले मुख्य पीक. ते घरात आले की बांधीत काम उरत नाही, आणि त्याच वेळी खम्मम-वरंगलच्या शिवारात मिरची तोडायला माणसे हवी असतात. नवरा-बायको जातात, कधी मोठी मुलगीही जाते. परततात ती होळीच्या आगेमागे, काही त्याहून उशिरा. २०२० च्या टाळेबंदीत चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेलंगणात अडकले, तेव्हा या स्थलांतराची बातमी राज्यभर झाली. पुढे ती मागे पडली. गाड्या मात्र दरवर्षी निघतात.

मंडळाची परीक्षा नेमकी याच काळात येते. २०२५ मध्ये बारावीचे पेपर ११ फेब्रुवारीला आणि दहावीचे २१ फेब्रुवारीला सुरू झाले. दहावी १७ मार्चला संपली. म्हणजे ज्या महिन्यात पुण्या-नागपूरचे पालक सुट्टी टाकून सेंटरबाहेर उभे असतात, त्या महिन्यात मूल तालुक्यातल्या अनेक दहावीच्या मुलांजवळ घरी फक्त आजी असते. हॉल तिकिटावरचे नाव बरोबर छापले आहे का, तोंडी परीक्षा कोणत्या दिवशी आहे, सकाळची बस चुकली तर काय करायचे, हे सारे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने एकटीने पाहायचे असते. आईवडिलांना तिच्या शिक्षणाची पर्वा नाही, असे कोणी म्हणू नये. मिरचीच्या पैशातूनच तिची वह्या-पुस्तके, शिकवणी आणि पुढच्या वर्गाची फी निघते.

आता मंडळाचेच आकडे पाहावेत. २०२३ च्या दहावीत राज्याचा निकाल ९३.८३ टक्के होता, नागपूर विभागाचा ९२.०५. २०२४ मध्ये राज्य ९५.८१ आणि नागपूर ९४.७३. २०२५ मध्ये राज्य ९४.१० आणि नागपूर ९०.७८. तिन्ही वर्षी नऊ विभागीय मंडळांत नागपूर तळाला आणि कोकण पहिले. २०२४ मध्ये या दोघांत सव्वाचार टक्क्यांचे अंतर होते, २०२५ मध्ये ते आठ टक्क्यांवर गेले. नागपूर विभागात सहा जिल्हे येतात आणि त्यांत नागपूरसारखे मोठे शहरही आहे. त्यामुळे सगळा दोष जंगलाच्या जिल्ह्यांवर टाकता येणार नाही, आणि टाकूही नये. पण सलग तीन वर्षे तोच विभाग शेवटचा राहतो, तेव्हा कारण केवळ मुलांच्या अभ्यासात शोधणे अपुरे आहे. शाळा, शिक्षक आणि कॉपीमुक्त अभियान यांची चर्चा निकालाच्या दिवशी होते. घरातल्या कामाच्या हंगामाची होत नाही.

आणखी एक आकडा. २०२५ च्या दहावीसाठी राज्यात नियमित विद्यार्थी म्हणून अर्ज भरलेले आणि प्रत्यक्ष पेपरला बसलेले यांच्यात सुमारे ११ हजारांचा फरक होता. अर्ज भरून, शुल्क भरून ही मुले गेली कुठे? नापास झालेल्या मुलाची निदान गुणपत्रिका येते आणि पुरवणी परीक्षेची बातमी त्याच्या कानावर पडते. पेपरलाच न बसलेल्याला कोणी विचारत नाही. या मुलांची तालुकानिहाय आणि कारणासह नोंद मंडळाने शाळांकडून मागवावी. मूल, सावली, सिंदेवाहीतून येणाऱ्या उत्तरांत मिरची तोडणी किती वेळा लिहून येते, ते कागदावर दिसेल.

मंडळाने काहीच केले नाही, असे हे पत्र म्हणत नाही. दहावीच्या नापासांची पुरवणी परीक्षा २०१५ पासून जुलैत घेण्याच्या निर्णयाने हजारो मुलांचे वर्ष वाचले. २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटे जादा मिळतात. परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर होतात. हे निर्णय चांगले आहेत. अडचण त्यांची माहिती घरापर्यंत पोचण्यात आहे. समुपदेशकांचे क्रमांक वर्तमानपत्रात छापून येतात तेव्हा ज्यांनी ते वाचायचे ते खम्ममच्या शेतात असतात. पुण्याच्या कार्यालयातून निघालेले परिपत्रक विभागीय मंडळाकडून शाळेत आणि शाळेतून फलकावर जाते. फलक वाचायला पालक यायचे, तर ते गावात असायला हवेत.

म्हणून पहिली मागणी तारखेची आहे. दहावी-बारावीच्या पालकांसाठी मंडळाचे मार्गदर्शन या भागात डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गाड्या निघण्याआधी व्हावे. मारोडा, राजोली, बेंबाळ, चिरोली, जुनासुर्ला, सुशी दाबगाव या आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर सभा घ्यावी. आमच्या या झाडीपट्टीत नाटकाला चार-चार गावांची माणसे रात्रभर बसतात. त्यांच्या मुलांच्या भवितव्याची गोष्ट त्यांच्या वेळेला सांगितली तर ती ऐकायलाही बसतील.

त्या सभेत सांगायचे काय? अगदी साध्या गोष्टी, ज्या शहरातल्या घरात न सांगता कळतात.

दहावीच्या बहुतेक विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि २० गुण शाळेतल्या तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत कामाचे असतात. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी, फेब्रुवारीत होतात. आईवडिलांना भेटायला किंवा चार दिवस मजुरीला म्हणून मूल त्या आठवड्यात तेलंगणात गेले, तर हातचे २० गुण जातात. काठावरच्या मुलासाठी ते वीस गुणच पास-नापास ठरवतात. ही परीक्षा हुकलीच, तर लेखी संपल्यावर आउट ऑफ टर्न संधी मिळते. पण त्यासाठी शाळेला वेळेत कळवावे लागते.

सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता सुरू होतो आणि मुलांनी १०.३० ला दालनात असावे लागते. हे पालकांना माहीत असते. बसची वेळ त्याच्याशी जुळते की नाही, हे मात्र आदल्या दिवसापर्यंत कोणी पाहत नाही.

एक-दोन विषय राहिले म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत तर गावोगाव आहे आणि तिने फार नुकसान केले आहे. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्याला एटीकेटीखाली अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. हे न कळल्यामुळे किती मुलींची लग्ने निकालानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच उरकली गेली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मंडळाच्या माणसाने गावात उभे राहून एवढे एकच सांगितले, तरी काही लग्ने लांबतील आणि काही पोरी अकरावीत बसतील.

दुसरी मागणी जंगलाची आहे, आणि इथे मंडळाने थोडे थांबून वाचावे.

मूलच्या भोवती ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा बफर आहे, त्याच्या पलीकडे प्रादेशिक वनविभाग आणि वनविकास महामंडळाचे जंगल. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत ५० हून अधिक माणसे मेली. मार्चमध्ये मोहफुले पडू लागतात. पहाटे उठून मोह वेचायला घरातले सगळे जातात, आणि परीक्षेचे मूलही पेपरआधी दोन तास हात लावून येते. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. २०२५ मध्ये १० मे रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १३ मे रोजी, दहावीचा निकाल लागला. टीव्हीवर पेढे दिसत होते आणि या भागातल्या गावांत माणसे जंगलात जावे की नाही यावर बोलत होती.

मंडळ वाघ थांबवू शकत नाही. परीक्षा केंद्र कुठे असावे आणि पेपर कधी सुटावा, हे मात्र मंडळाच्या हातात आहे. बारावीच्या दुपारच्या सत्राचा पेपर ३ ला सुरू होऊन ६.१० ला सुटतो. फेब्रुवारीत त्याच सुमारास दिवस मावळतो. मूलच्या सेंटरवरून गावाकडे जाणारी मुलगी अंधारात जंगलाच्या रस्त्याने परत जाते. जंगलालगतच्या तालुक्यांसाठी दुपारच्या सत्रातले पेपर सकाळी घेता येतात का, ते मंडळाने तपासावे. ते जमत नसेल, तर त्या दिवशी बस मिळाल्याशिवाय मुले केंद्राबाहेर सोडू नयेत, असा आदेश केंद्रसंचालकांना द्यावा. मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या आणि मुलींचा अहिल्याबाई होळकर मोफत पास यांनी ग्रामीण मुलींना शाळेत आणले. ही बस शाळेच्या घंटेवर चालते, पेपरच्या वेळेवर नाही. एसटीच्या आगारप्रमुखाला परीक्षेचे वेळापत्रक देऊन त्याप्रमाणे फेऱ्या लावून घेण्याचे काम शिक्षणाधिकारी करू शकतात. त्यासाठी मंडळाचे एक पत्र पुरे आहे.

निकालानंतरचा महिना तर सगळ्यात अवघड. गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये लागतात, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३००. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. म्हणजे एका विषयाचा खरा निकाल जाणून घ्यायला ७०० रुपये मोजावे लागतात. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोन दिवसांहून जास्त मजुरी एका विषयाला! गणितात दोन गुणांनी राहिलेला मुलगा तो अर्ज करत नाही, आणि त्याचे दोन गुण खरेच हुकले की तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटले, हे कधी कळत नाही. दारिद्र्यरेषेखालील आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी निदान एका विषयाचे हे शुल्क माफ व्हावे.

पुरवणी परीक्षाही अशीच हंगामात सापडते. २०२५ मध्ये ती २४ जूनलाच सुरू झाली. पाऊस वेळेवर आला, तर तेव्हा धानाचे पऱ्हे टाकलेले असतात, आणि जुलै उजाडला की रोवणी. रोवणीला घरातला प्रत्येक हात लागतो. नापास झालेले मूल तर लागतेच, कारण ते आता रिकामे आहे असे सगळे धरून चालतात. या परीक्षेची तारीख पुढे-मागे करणे सोपे नाही, कारण अकरावीचे प्रवेश त्यावर अडकलेले असतात. पण निकालाच्याच दिवशी शाळेत पुरवणीचा अर्ज भरून घेतला आणि जूनमध्ये पंधरा दिवस शाळेतच तयारी करून घेतली, तर बांधीत उतरण्याआधी मुलाचे नाव परीक्षेच्या यादीत लागेल. मूलमध्ये महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. शिकवायला तयार असणारे तरुण इथे मिळतील. त्यांना प्रवासखर्च आणि एक अधिकृत पत्र द्यावे.

अकरावीचा प्रवेश मंडळाकडे नाही, तो माध्यमिक शिक्षण संचालनालयाकडे आहे, हे ठाऊक आहे. तरीही त्याचा उल्लेख इथे हवा, कारण घरच्यांच्या लेखी मंडळ, संचालनालय आणि शाळा हे एकच सरकार आहे. २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सबंध राज्याला लागू झाला. आधी तो मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांपुरता होता. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ अडखळले आणि वेळापत्रक बदलावे लागले. शहरातल्या पालकांचा संताप झाला. मूलमध्ये तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अर्ज नेट कॅफेवाल्याने भरायचा, पसंतीक्रमही बऱ्याचदा त्यानेच ठरवायचा. दहापर्यंत महाविद्यालये निवडता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. हा नियम किती पालकांना अर्ज भरण्याआधी समजावून सांगितला जातो? जी मुलगी रोज मूलला येऊन-जाऊन शिकू शकते, तिला गडचिरोली किंवा चंद्रपूरचे कॉलेज मिळाले, तर ती शिकणार नाही. इतकी साधी बाब आहे. ज्या शाळेतून दहावी झाली, त्याच शाळेत पालकासमोर बसून अर्ज भरून घेण्याची व्यवस्था मंडळाने संचालनालयाकडे मागावी.

६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. दहावीचे मूल त्या वयातून बाहेर पडलेले असते. वर्षातली सर्वांत मोठी परीक्षा समोर असताना त्याच्यामागे कायद्याचा आधार नसतो आणि आईबापही गावात नसतात. ही पोकळी कुणी तरी भरायला हवी, आणि परीक्षा ज्याची आहे त्या मंडळावर तिची पहिली जबाबदारी येते.

मंडळाची स्थापना १९६६ ची. साठ वर्षांत त्याने परीक्षा पद्धतशीर केल्या, वेळेवर निकाल लावले आणि लाखो उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. ज्या संस्थेला हे जमते तिला मूल तालुक्यात वेळेवर दहा सभा घेणे जड नाही. येत्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूर विभागीय मंडळाचे पथक मूल, सावली आणि सिंदेवाहीला पाठवावे. सभांच्या तारखा आणि गावे नोव्हेंबरातच ग्रामपंचायतींना कळवावीत. आणि पुढच्या निकालासोबत या तीन तालुक्यांत अर्ज किती भरले गेले, परीक्षेला किती बसले आणि पुरवणीला किती परत आले, हे तीन आकडे जाहीर करावेत.

मूल, जि. चंद्रपूर