अँटीव्हायरस बंद न करता

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, नाशिकला असते. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. रोज चार इंजेक्शनं, बोट टोचणं वेगळंच. "अरे, एका क्लिनिकची जाहिरात बघितली. शरीरात पेशी सोडतात म्हणे, मग इन्सुलिन कायमचं बंद. तू इंजिनियर ना, जरा वाचून सांग." इंजिनियरला सगळं कळतं हा आपल्याकडचा जुना गैरसमज :) पण वीकएंड मोकळा होता, बसलो वाचत.

आधी मूळ भानगड. टाइप १ मध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शत्रू समजून मारते. म्हणजे नव्या पेशी घातल्या तर त्याही मरणार. त्यावर उपाय म्हणजे ही यंत्रणा औषधांनी दाबून ठेवायची. २००० साली कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या गटाने याच पद्धतीने सात रुग्णांचं इन्सुलिन थांबवलं. २०२५ मध्ये मूळपेशींपासून बनवलेल्या पेशींचे निकाल आले: पूर्ण डोस मिळालेल्या बारापैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. जबरदस्त! पण औषधं चालूच. एक प्रोग्राम चालावा म्हणून अख्ख्या मशीनचा अँटीव्हायरस बंद करून ठेवण्यासारखं आहे हे. संसर्गाचा आणि कॅन्सरचा धोका वाढतो. नऊ वर्षांच्या मुलीसाठी हा सौदा मला तरी मान्य नाही.

मग दुसरी वाट कोणती? ती निसर्गानेच शोधून ठेवली आहे. शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होतात, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दृष्टीने त्या परक्याच. तरी त्या वाचतात, कारण वृषणातल्या सर्टोली पेशी त्यांच्याभोवती भिंत उभी करतात, शिवाय हल्ला शांत करणारी द्रव्यंही सोडतात. १९९३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की सर्टोली पेशी सोबत घातल्या तर बीटा पेशींचं रोपण टिकतं. पुढची कल्पना आणखी भारी: सर्टोली पेशीतच इन्सुलिनचं जनुक घालायचं. अमेरिकेत टेक्सस टेक विद्यापीठात जनेट ड्युफोर यांचा गट यावर काम करत आला आहे.

अडचण अशी की बीटा पेशी म्हणजे नुसता इन्सुलिनचा नळ नव्हे. ती साखर मोजते, इन्सुलिन साठवते आणि जेवल्यावर काही मिनिटांत सोडते. दुसऱ्या पेशीत फक्त जनुक टाकून हे सगळं येत नाही.

म्हणून मला उलटी युक्ती जास्त पटते: बीटा पेशीच ठेवायची आणि तिला लपायला शिकवायचं. स्वीडनमध्ये उप्साला इथे हेच केलं. दात्याच्या पेशींमधली ओळख पटवणारी जनुकं बंद केली आणि सीडी४७ हे 'मला खाऊ नको' सांगणारं प्रथिन वाढवलं. मग त्या पेशी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. बारा आठवड्यांनीही त्या इन्सुलिन बनवत होत्या, आणि तेही यंत्रणा दाबणाऱ्या औषधांशिवाय! २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डोस मुद्दाम कमी होता, त्यामुळे त्याचं इन्सुलिन थांबलं नाही.

आता माझं मत. कॅन्सरच्या पेशीही लपण्यासाठी हेच सीडी४७ वापरतात. पहारेकऱ्याला न दिसणारी पेशी उद्या बिघडली तर तिला पकडणार कोण? आम्ही रोलबॅक प्लॅनशिवाय साधं रिलीज करत नाही. इथे तर लहान मुलांची शरीरं आहेत. पेशी बाहेरून मारता येईल असा स्विच किंवा निदान ती काढता येईल अशी जागा, ही अट आधी हवी. कितीजणांचं इन्सुलिन सुटलं हा आकडा नंतर बघू. त्या दृष्टीने हाताचा स्नायू ही जागा मला शहाणपणाची वाटते. यकृतात विखुरलेल्या पेशी परत गोळा कशा करणार?

ताईला एवढंच सांगितलं: आयसीएमआरच्या नियमांनुसार मधुमेहावरचे मूळपेशी उपचार अजून प्रयोगच आहेत, ते रीतसर चाचणीतच व्हायला हवेत. कोणी लाखो रुपये घेऊन ते विकत असेल तर तिथून निघायचं. त्या पैशांत साखर मोजणारा सेन्सर घे.

मागून भाचीचा आवाज आला, "म्हणजे मामा, बोट टोचणं बंद?"

जवळजवळ, म्हटलं. इंजेक्शनं मात्र अजून नाहीत.